शेरखान लंगडा का होता? ‘द जंगल बुक’ आणि तुमचा संशोधनप्रश्न

पीएचडीचा विषय शोधताय, सिनॉप्सिस लिहायला बसलाय आणि पहिल्या पानाच्या पुढे काही सरकत नाहीये? मग आज एक वेगळा गृहपाठ देते. ‘द जंगल बुक’ हे कार्टून पुन्हा बघा. हसू नका. संशोधनाचा प्रश्न कुठे चुकतो हे जितकं या मालिकेतून कळतं, तितकं कोर्सवर्कच्या जाड पुस्तकातून कळायला मला तरी बराच वेळ लागला असता.

मी प्राणिशास्त्राची. माझं काम यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा भागातल्या गावांत, माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातल्या संघर्षावर चालू आहे. त्यामुळे आजच्या लेखात वाघ जरा जास्त आहे. पण तुमचा विषय माती असो, मलेरिया असो की कापसावरची बोंडअळी, मुद्दा तुम्हालाही लागू पडेल.

आधी मालिकेची ओळख. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने ती बनवली. १९८९-९० मध्ये जपानी टीव्हीवर तिचे ५२ भाग दाखवले गेले. १९९३ पासून दूरदर्शनवर ती हिंदीतून येऊ लागली. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांचं संगीत असलेलं शीर्षकगीत आजही लोकांना तोंडपाठ आहे. शेरखानला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली. माझ्या वयाच्या अनेकांनी ती तेव्हा पहिल्यांदा सलग बघितली.

आधी चांगलं काय ते

समीक्षा म्हणजे नुसत्या चुका काढणं नव्हे. या मालिकेने एक मोठं काम केलं. तिने लांडग्याला घर दिलं.

आपल्याकडच्या गोष्टींत लांडगा म्हणजे कळपावर येणारं संकट. ‘लांडगा आला रे आला’ ऐकतच आपण मोठे झालो. मालिकेत मात्र लांडग्याची गुहा आहे, पिल्लं आहेत, म्होरक्या आहे, कळपाचे नियम आहेत आणि नियम मोडला तर त्याची चर्चाही आहे. लांडगे कुटुंब करून राहतात, कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात, हे प्राणिशास्त्राला मान्य असलेलं सत्य लाखो मुलांच्या घरात रविवारी सकाळी पोचलं. एखाद्या प्राण्याबद्दलचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ग्रह कार्टूनने बदलावा, ही साधी गोष्ट नाही.

पण लांडग्याला जे मिळालं ते वाघाला मिळालं नाही. खलनायकाची जागा रिकामी राहत नाही. लांडगा उठला, तिथे वाघ बसला.

मूळ पेपर वाचा

गाईड हे वाक्य दिवसातून दोनदा ऐकवतात. रिव्ह्यूमध्ये कुणीतरी कुणाचा तरी दाखला दिलेला असतो, आपण तो तसाच उचलतो आणि मूळ पेपरमध्ये भलतंच निघतं. ‘जंगल बुक’ हा त्याचा नमुना आहे.

साखळी बघा. आर. ए. स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८७७ मध्ये सातपुड्यातल्या शिवनी भागावर पुस्तक लिहिलं. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने त्या भागात आपली गोष्ट बसवली, लिहिली मात्र अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये. ‘द जंगल बुक’ आलं १८९४ मध्ये, दुसरं पुस्तक १८९५ मध्ये. जवळपास शंभर वर्षांनी जपानी चित्रकारांनी त्यावरून आपलं जंगल काढलं. मग ते मुंबईच्या हिंदीत बोलू लागलं आणि आपल्या घरात आलं. म्हणजे शिवनीचं जंगल इंग्लंड, अमेरिका आणि जपान फिरून यवतमाळला पोचलं. खरं शिवनी आपल्यापासून किती लांब? पांढरकवड्याहून ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने सरळ उत्तरेला निघा. हिंगणघाट, नागपूर, पेंचचं जंगल आणि पुढे शिवनी. रस्ता एकच.

एवढ्या फेऱ्यात काही गोष्टी चिकटणार, काही गळणार. मोगलीच्या हातातलं बूमरँग किपलिंगचं नाही, ते मालिकेने दिलं. असं काही चिकटलं तर फारसं बिघडत नाही. गळलेल्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या असतात, कारण त्या दिसत नाहीत.

मुळातला शेरखान

मालिका बघून मोठ्या झालेल्या कुणालाही विचारा, शेरखान कसा होता? दुष्ट, गर्विष्ठ, माणसाचा वैरी. का होता? शेरखान होता म्हणून. यापुढे उत्तर जात नाही.

आता किपलिंग उघडा. पहिल्याच गोष्टीत लांडगीण सांगते की शेरखान जन्मापासून एका पायाने लंगडा आहे आणि म्हणूनच तो ढोरं मारतो. तो मूळचा वीसेक मैलांवर, वैनगंगेच्या काठचा. तिथले गावकरी त्याच्यावर चिडले म्हणून तो इकडे सरकला. आता इकडचे गावकरी चिडतील, त्याला शोधायला रान धुंडाळतील, गवत पेटवतील. तोवर तो लांब गेलेला असेल आणि पळायची वेळ आपल्यावर येईल, ही तिची काळजी.

हा परिच्छेद मी माझ्या विषयाच्या चष्म्यातून वाचला तेव्हा थबकलेच. यात काय नाही? शारीरिक व्यंग, त्यामुळे सोप्या भक्ष्याकडे वळणं, माणसांचा रोष, त्या रोषामुळे प्राण्याचं दुसरीकडे सरकणं आणि शेवटी आगीची झळ भलत्यांनाच. संघर्षाची पूर्ण साखळी चार वाक्यांत. किपलिंगच्या साम्राज्यवादी दृष्टीवर टीका झाली आहे आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच्या वाघाला कारणं आहेत.

व्यंगामुळे वाघ सोपं भक्ष्य शोधतो, हे पुढे जिम कॉर्बेटनेही लिहिलं. १९०७ मध्ये त्याने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. तिचे सुळे बंदुकीच्या जुन्या जखमेने तुटलेले होते. म्हणून प्रत्येक माणूसमाऱ्या वाघ जखमी किंवा म्हाताराच असतो का? नाही. ते एक गृहीतक आहे. पण गृहीतक तपासता येतं. ‘तो दुष्ट आहे’ हे तपासायचं कशाने?

एक ठसा, दोन कारणं

‘टायगर! टायगर!’ या गोष्टीत याहून भारी प्रसंग आहे. गावच्या पारावर संध्याकाळी मंडळी बसलीयत. बलदेव नावाचा शिकारी सांगतो, मुलाला उचलून नेणारा वाघ साधा वाघ नाही, तो एका मेलेल्या सावकाराचं भूत आहे. पुरावा? सावकार लंगडत असे. दंगलीत त्याच्या वह्या जाळल्या तेव्हा त्याला मार बसला होता. आणि हा वाघही लंगडतो, कारण त्याच्या पंजांचे ठसे सारखे पडत नाहीत. मोगली तिथल्या तिथे म्हणतो, तो जन्मापासूनच लंगडा आहे.

हा प्रसंग प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने वहीत उतरवून घ्यावा असा आहे. निरीक्षण एकच: ठसे असमान आहेत. त्याबद्दल दोघांचंही दुमत नाही. स्पष्टीकरणं मात्र दोन. बलदेव खोटा डेटा देत नाहीये. त्याचा डेटा बरोबर आहे, निष्कर्ष सुटलाय. आपल्याही कामात भांडण डेटाचं असतं त्यापेक्षा डेटा आणि निष्कर्ष यांच्यामधल्या उडीचं जास्त असतं. व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

आणि बलदेवला नुसतं अडाणी म्हणून सोडू नका. भूत सावकाराचंच का? १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, गहाणखतं जाळली होती. किपलिंगच्या गोष्टीतल्या गावाला तेच ओळखीचं भय आहे. घरातलं माणूस आणि गोठ्यातलं ढोर नेणाऱ्या वाघात त्या गावाला सावकार दिसला. कर्ज म्हणजे काय हे यवतमाळच्या वाचकाला मी सांगायला नको. पारावरची गोष्ट वाघाबद्दल म्हणून चुकीची आहे, गावाबद्दल म्हणून खरी आहे. तुम्ही मुलाखती घेऊन संशोधन करणार असाल तर हा फरक कायम लक्षात ठेवा: लोक सांगतात ते प्राण्याचं वर्णन म्हणून तपासा आणि स्वतःच्या आयुष्याचं वर्णन म्हणून ऐका.

मग मालिकेत हे का उरलं नाही?

मालिका बनवणाऱ्यांना दोष देऊन भागत नाही, अडचण समजून घेऊ. किपलिंगच्या दोन पुस्तकांत मिळून पंधरा गोष्टी, त्यातल्या मोगलीच्या फक्त आठ. शेरखान तिसऱ्याच गोष्टीत म्हशींच्या पायाखाली मरतो. तेही कसा, तर पोटभर खाऊन, पाणी पिऊन सुस्तावलेला असताना. मोगली आधी विचारून घेतो की त्याने आज खाल्लंय का, आणि मगच म्हशींचा कळप दोन्ही बाजूंनी घळीत घालतो. तिथे शौर्यापेक्षा प्राण्याच्या सवयीची माहिती कामाला येते.

पण ५२ भाग चालवायचे तर खलनायक तिसऱ्या गोष्टीत मरून चालत नाही. तो परत परत यायला हवा. परत परत येण्यासाठी भूक पुरत नाही, वैर लागतं. भुकेला वाघ खाऊन झोपतो, वैरी झोपत नाही. मग आवाजही तसाच हवा आणि नाना पाटेकरांनी तो असा दिला की पडद्यावर वाघ यायच्या आधीच घरातलं पोर आईजवळ सरकावं. कलाकृती म्हणून हे यशच आहे. पण त्या आवाजाने वाघाला हेतू चिकटवला आणि लंगडा पाय, ढोरं, चिडलेली गावं, पेटलेलं गवत या कारणांकडे बघायची गरजच उरली नाही. खलनायक मिळाला की कारण शोधणं थांबतं. मालिकेबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच.

उलट बाजूही बघा. मालिकेतला बल्लू म्हणजे प्रेमळ गुरुजी. आता मोहफुलं वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बाईला विचारा, तिला जास्त भीती कुणाची? मध्य भारतात अस्वलाचे हल्ले ही गंभीर गोष्ट आहे. मोह अस्वलालाही आवडतो, वेळ तीच, झाडही तेच. अचानक समोरासमोर आलं की ते अंगावर येतं. ते दुष्ट नाही आणि गुरुजीही नाही. आणि साप? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. वाघाच्या हल्ल्यांशी याची तुलनाच होत नाही. पण सापाची बातमी आतल्या पानावर जाते. कुठला प्रश्न ‘संशोधनाच्या लायकीचा’ वाटतो, हेसुद्धा गोष्टी ठरवतात. विषय निवडताना हे स्वतःला विचारून बघा.

टी-१, अवनी, नरभक्षक

आता हे सगळं कार्टूनपुरतं का नाही ते सांगते. जून २०१६ पासून सुमारे दोन वर्षांत राळेगाव-पांढरकवडा भागात माणसं मरू लागली. १३ मृत्यूंशी एका वाघिणीचं नाव जोडलं गेलं. तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण न्यायालयांत गेलं, सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आदेशात हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. ती कशी मारली गेली, यावरून देशभर वाद झाला.

तिची नावं बघा. वनखात्याच्या कागदात ‘टी-१’. वाघ वाचवा म्हणणाऱ्यांसाठी ‘अवनी’, दोन पिल्लांची आई. बातम्यांमध्ये ‘नरभक्षक’. एका प्राण्याची तीन नावं म्हणजे तीन गोष्टी. त्यातल्या दोन सरळ कार्टूनमधल्या. एकीत ती शेरखान, दुसरीत ती मोगलीला पाजणारी लांडगीण. मुंबई-दिल्लीच्या चर्चेत या दोनच गोष्टी भांडत राहिल्या. मेलेली माणसं, म्हणजे वावरात गेलेले, ढोरं चारायला गेलेले लोक, यांना दोन्ही गोष्टींत जागा नव्हती. एकीत ते फक्त आकडा होते, दुसरीत तेवढेही नव्हते.

डिसेंबर २०१८ मध्ये तिच्या मादी पिल्लाला पकडून पेंचला नेलं. शिकार शिकावी म्हणून कुंपणात ठेवलं, मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडलं. काही दिवसांतच झुंजीत झालेल्या जखमांनी ती मेली. तेच पेंच, ज्याला पर्यटनाच्या जाहिरातीत ‘मोगलीचं जंगल’ म्हणतात. यात खलनायक कोण? शोधत बसलात तर एक सापडेलही. पण पुढच्या वेळी काय करायचं, हे त्यातून कळणार नाही.

एका गावात माहिती घेत होते तेव्हा एका आजीने मला थेट विचारलं, “मॅडम, तुमी वाघाच्या बाजूच्या की आमच्या?” प्रश्न रास्त आहे. तिच्या घरापर्यंत आजवर जे आले ते कुठल्या ना कुठल्या बाजूचेच आले असणार. संशोधकाने ‘मी कुणाच्याच बाजूची नाही’ असं म्हणून सुटायचं नसतं. मी तिला सांगितलं की ढोरं कुठे, कधी, कशी मारली गेली हे नीट लिहून ठेवलं तर ते तुमच्या कामाचं आहे. ती म्हणाली, “मंग लिव.” आणि तासभर बोलली.

प्रश्न लिहिताना

आता सिनॉप्सिसकडे या. तीन कच्चे प्रश्न देते. तिन्ही ऐकायला ठीक वाटतात.

एक: “पांढरकवडा भागातले वाघ आक्रमक का झाले आहेत?” ‘आक्रमक झाले आहेत’ हे तुम्ही आधीच ठरवून टाकलं. हा शेरखान आहे.

दोन: “जंगलातील अतिक्रमणामुळे वाघांचे जीवन कसे धोक्यात आले आहे?” इथे माणूस शेरखान झाला. नाव बदललं, साचा तोच.

तीन: “वाघाने मारलेल्या जनावरांच्या घटना चराईची जागा, वेळ, झुडपांची दाटी आणि गोठ्याचा प्रकार यांच्याशी कशा निगडित आहेत?” हा रुक्ष वाटतो ना? पण यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते. पंचनाम्याच्या नोंदी मिळू शकतात, जागेवर जाऊन झाडोरा मोजता येतो, गुराख्याला वेळ विचारता येते. आणि उत्तर काहीही आलं तरी कुणाला तरी उपयोग होतो: चराईची वेळ बदलता येते, गोठा पक्का करता येतो, कुठे झुडपं काढायची ते ठरवता येतं. उत्तर ‘काही संबंध नाही’ असं आलं, तरी तेही कामाचं.

तपासायची सोपी युक्ती सांगते. तुमच्या प्रश्नातली विशेषणं आणि हेतू दाखवणारी क्रियापदं पेन्सिलीने खोडा. ‘आक्रमक’, ‘बेजबाबदार’, ‘अज्ञानी शेतकरी’, ‘चिवट कीड’, ‘घातक’. खोडल्यावर प्रश्न उभा राहिला तर तो प्रश्न आहे. कोसळला तर ती गोष्ट होती.

याचा अर्थ संशोधकाने गोष्टी सांगू नयेत असा नाही. टिपेश्वर अभयारण्यातला कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. वावरं, रस्ते, ओढे पार करत. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. ती गोष्ट सगळ्या देशाने आवडीने वाचली. तिच्यात खलनायक नव्हता, नकाशावरचे ठिपके होते, आणि वाघाला जागा शोधत किती फिरावं लागतं हे त्या ठिपक्यांनीच सांगितलं.

तर गृहपाठ असा. मालिकेचे कुठलेही दोन भाग बघा. मग किपलिंगची पहिली गोष्ट आणि ‘टायगर! टायगर!’ वाचा. फार तर दोन तास लागतील. वहीच्या डाव्या बाजूला शेरखानच्या वागण्याची मालिकेतली कारणं लिहा, उजव्या बाजूला पुस्तकातली. मग त्याच वहीचं पुढचं पान उघडा आणि तुमच्या स्वतःच्या विषयातला शेरखान कोण आहे ते लिहा. प्रत्येक विषयात एक असतो. त्याचं नाव सापडलं की त्याच्या लंगड्या पायाबद्दल वाचायला सुरुवात करा. तुमचा लिटरेचर रिव्ह्यू तिथून सुरू होतो.